कुलूप हाती धरून पाळी सोडू नये

१४ एप्रिल १९८५

वसुधाने दिलेला कागदांचा गठ्ठा आज वाचून संपला. बाहेर जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल. खिडक्या लावूनही आवाज आत येत होता. तरी एका बैठकीत वाचता आले, कारण मांडणी स्वच्छ आहे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणे सुटल्यापासून कोणाच्या लेखनात 'म्हणून' हा शब्द योग्य जागी आढळला नव्हता. तो स्वतःच्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये आढळला.

स्वतःपुरते टिपून ठेवतो. वरच्या धरणाचे दरवाजे यापुढे व.च्या सातपूरच्या कारखान्यातले यंत्र हलवणार. यंत्रात दोन कार्डे, प्रत्येकावर एक प्रोसेसर. पहिले कार्ड पाण्याची पातळी मोजते आणि हुकूम ठरवते. दुसरे दरवाजे हलवते, पॅनेलवरची बटणे पाहते, नोंदी छापते. दोघांमध्ये तक्ता मात्र एकच : कोणता दरवाजा किती उघडा, पुढचा हुकूम कोणता. दोघांनी एकदम हात घातला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा हुकूम तयार होईल. म्हणून तक्त्याला कुलूप. ज्याच्या हाती कुलूप त्यानेच तक्ता हाताळायचा; इतरांनी ते सुटेपर्यंत थांबायचे.

दुसऱ्या कार्डावरची कामे एकाच प्रोसेसरवर पाळीपाळीने चालतात. व. त्यांना कोरूटीन म्हणते. मी पाळीकरी म्हणतो. येथे कोणी कोणाची पाळी हिसकावत नाही. ज्याची असते तो आपण होऊन ती पुढच्याला देतो.

"म्हणजे सगळा संसार सौजन्यावर," मी म्हणालो.

कमल स्वयंपाकघरातून : "मग यंत्रातच चालत असेल."

१९ एप्रिल

व.चा प्रश्न : हे यंत्र कधीच अडकणार नाही, असे सिद्ध करता येईल का? कारखान्यात अहोरात्र चालवून पाहिले आहे, अडकले नाही. मी म्हणालो, अडकले नाही यावरून अडकत नाही इतकेच निघते, अडकू शकत नाही हे निघत नाही. ती म्हणाली, "म्हणून तर तुमच्याकडे आले."

तिचा साहेब गायधनी हा माझा जुना विद्यार्थी. हुशार, उत्तराची घाई असलेला. पाटबंधारे खात्याने लेखी हमी मागितली आहे, आणि 'सरांनी तपासले' असे त्याला लिहायचे आहे. मी व.ला बजावले की तपासणे आणि सिद्ध करणे ही दोन भिन्न कामे आहेत. मी दुसरे करीन.

२८ एप्रिल

सिद्धता पूर्ण. दोन आधारवाक्ये.

एक : कुलूप हाती धरून कोणताही पाळीकरी पाळी सोडत नाही. दोन : कुलूप हाती असताना करायचे काम संपणारे असते. यांवरून, कुलपासाठी थांबलेल्या प्रत्येकाला ते केव्हातरी मिळतेच. थांबलेला पाळीकरी पाळी न सोडता जागच्या जागी वाट पाहतो. तेही निर्धोक ठरते, कारण त्या वेळी कुलूप पलीकडच्या कार्डाकडेच असू शकते, आणि ते कार्ड आपल्या वेगाने चालूच असते.

व.ने टाइप केले. आधारवाक्ये ठळक करायला लावली. निष्कर्षापेक्षा त्यांना जपावे लागते.

१२ मे

गायधनी आला. पोहे खाल्ले. "सर, तुमच्या सहीनं फाइलला वजन आलं."

मी म्हणालो, वजन हा युक्तिवादाचा गुण नाही. तो मनापासून हसला. पूर्वी वर्गातही याच वाक्यांना हसत असे, आणि पेपरात तीच विसरत असे.

६ जून

व. धरणावरून परतली. उन्हाने चेहरा काळवंडलेला, पण खूश. खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांसमोर एक दरवाजा थोडा उचलून दाखवला. सुरळीत.

त्यांची एक अट ऐनवेळी निघाली. खात्याची जुनी शिस्त : आधी नोंद, मग हालचाल. पूर्वी दरवाजाच्या चाकाला हात लावण्याआधी रजिस्टरात ओळ लिहीत, सही करीत, मग चाक फिरे. यंत्रानेही प्रत्येक हुकूम आधी कागदावर छापावा, मगच अमलात आणावा, आणि छापलेले व केलेले यांत फरक पडायला मध्ये जागा राहू नये. गायधनीने तिथेच मान्य केले. अटीत गैर काही नाही.

दरवाजांवर गांगुर्डे नावाचे जुने ऑपरेटर आहेत, पेठकडचे. त्यांनी दाद दिली म्हणे : "ताई, तुमचं मशीन लय सरकारी हाय. लिहिल्याबिगर हलत नाय."

हाताने फिरवायची चाके काढून गोदामात ठेवली आहेत. एका दरवाजाला दोन मालक नकोत म्हणून.

९ जून

जेवताना व. सहज म्हणाली, नोंद छापायची ओळ प्रोग्रॅममध्ये गायधनींनी स्वतःच घातली.

मी विचारले, "कुठे घातली?"

"कुलूप घेतल्यावर, हुकूम लिहायच्या आधी. म्हणजे नोंद आणि हुकूम यांच्या मध्ये कोणी येणार नाही."

"छापण्याचे काम पाळी सोडते का?"

"प्रिंटर मोकळा असेल तर नाही. नसेल तर तो मोकळा होईपर्यंत…" तिचा हात भातातच राहिला. "सोडतं. ते मीच लिहिलंय. नुसतं थांबून वेळ वाया जाऊ नये म्हणून."

कमलने दोघांकडे पाहिले. "काय झालं? आमटी खारट आहे का?"



१० जून

प्रसंग शब्दांत मांडतो, म्हणजे भीती आणि युक्तिवाद वेगळे राहतील.

दरवाजा हलवणारा पाळीकरी कुलूप घेतो. नोंद छापायला जातो. आधीच्या नोंदी अजून छापून व्हायच्या आहेत. प्रिंटर मोकळा नाही. तो पाळी सोडतो. कुलूप मात्र त्याच्याच हाती. पाळी पॅनेलवरची बटणे पाहणाऱ्याकडे येते. त्यालाही तक्ता हवा. तो कुलपासाठी थांबतो, आणि पाळी न सोडता थांबतो, कारण तसे थांबणे निर्धोक आहे असे मी सिद्ध केले आहे. आता एकाच्या हाती कुलूप, दुसऱ्याच्या हाती पाळी. पहिल्याला पाळी मिळाल्याशिवाय कुलूप सुटत नाही. दुसऱ्याला कुलूप मिळाल्याशिवाय पाळी सुटत नाही. तिसरा कोणी मध्ये पडू शकत नाही. पातळी मोजणारे कार्ड पाणी चढल्याचे हुकूम घेऊन त्याच कुलपाशी उभे.

हे बिघडणे नव्हे. दोघेही नेमके नेमून दिलेले काम करीत राहतील. पॅनेलवर दिवे लागलेले असतील, प्रिंटर हळूहळू मोकळाही होईल. त्याच्याकडे पाहायला कोणाची पाळी नसेल.

आणि नोंदी साचतात केव्हा? हुकूम भराभर सुटतात तेव्हा. हुकूम भराभर केव्हा सुटतात? उन्हाळ्यातल्या प्रात्यक्षिकात एक दरवाजा, एक हुकूम. भर पुरात…

युक्तिवाद निर्दोष आहे. आधारवाक्य खोटे केले गेले. निष्कर्ष फाइलीत तसाच आहे, माझ्या सहीनिशी.

१३ जून

कारखान्यात व.ने तशाच दुसऱ्या यंत्रसंचावर खोटी पातळी दिली, झपाट्याने चढती. थोड्याच वेळात संच गप्प झाला. दिवे लागलेले. बटण दाबले, काही नाही. गायधनीला बोलावून दाखवले. त्याने वीज बंद करून पुन्हा सुरू केली. संच चालू लागला. "हे बघ, चाललं."

धरणावर तसे केले तर काय होते, हे मी तिला विचारले. वीज गेली की दरवाजे आहेत तिथे ब्रेक धरतात. यंत्र पुन्हा उठले की आधी प्रत्येक दरवाजा कुठे आहे ते ओळीने तपासते, मगच हुकूम घेते. त्याला बराच वेळ लागतो. तोवर पाणी थांबत नाही; ते बांधावरून ओसंडले तर धरणच फुटू शकते. आणि उठलेले यंत्र तेच असते.

१७ जून

मी स्वतः सातपूरला गेलो. सिद्धता मागे घेतो म्हणून सांगितले. गायधनीने चहा मागवला.

"सर, पण तुम्ही सिद्ध केलंत ना? तुमचं तर चुकलेलं नाही."

"माझे चुकलेले नाही. ते आता तुमच्या यंत्राबद्दलही नाही."

"जलद प्रिंटर देतो. साचणारच नाही काही."

"त्याने प्रसंग दुर्मिळ होईल. अशक्य होणार नाही."

"सर," तो हलकेच म्हणाला, "जगात सगळंच दुर्मिळ आहे म्हणून चाललंय. यंत्र खात्याच्या ताब्यात गेलंय. आता उघडून बसलो तर पाऊस संपेल, आणि आमचं कामही. नव्या प्रोग्रॅमला पुन्हा सगळ्या चाचण्या. आणि त्या कोणाच्या भरवशावर?"

शेवटचा प्रश्न रास्त होता. म्हणूनच राग आला.

रिक्षातून परतताना पुलावर नदी पाहिली. गुडघाभर पाणी, कपडे धुणाऱ्या बाया, काठाला भाजीवाल्यांच्या गाड्या, पलीकडे पत्र्यांची वस्ती. वरच्या धरणाचे पाणी इथूनच जाते.

२५ जून

व. कारखान्यातून आल्यावर घरी बसून नवा प्रोग्रॅम लिहिते आहे, कोणी न सांगता. तिची कल्पना : कुलूप हाती असताना छापायचेच नाही. नोंद फक्त स्मृतीतल्या एका रांगेत ठेवायची, हुकूम लिहायचा, कुलूप सोडायचे. रांगेतल्या नोंदी छापणारा आपल्या पाळीत, आपल्या गतीने छापील. नोंद छापून झाल्याची खूण आली की दरवाजा हलेल. शिस्तही राहते, आधारवाक्यही.

मी तीन बाजू पाडल्या. रांग रिकामी. रांगेत जागा आहे. रांग भरलेली आहे. पहिल्या दोन आजच मिटल्या.

२ जुलै

तिसरी बाजू मिटत नाही.

रांग भरली असेल तर नोंद ठेवणाऱ्याने काय करावे? नोंद गाळली तर हुकूम नोंदीविना राहतो, आणि नोंदीविना दरवाजा हलत नाही. थांबला तर कुलूप सोडूनच थांबेल, हे ठीक. पण त्याच क्षणी पलीकडच्या कार्डाने हुकूम बदलला तर रांगेतल्या नोंदी जुन्या हुकमाच्या आणि तक्ता नव्या. मग कोणती खूण कशाची? ते गोल गोल फिरत राहतील की केव्हातरी स्थिरावतील? स्थिरावतील असे वाटते. वाटणे हे प्रमाण नव्हे.

कमल म्हणते, रात्रीचे जेवण तरी रांगेत ठेवू नका.

११ जुलै

पाऊस बेताचा. धरण अर्धेही नाही. गायधनीने व.कडून निरोप पाठवला : "सरांना विचार, कुलूप सापडलं का?"

कारखान्यात हसतात तिला. एकाने तिच्या टेबलावर खरेखुरे कुलूप ठेवले, किल्लीशिवाय. सांगताना हसली, मग बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसली होती.

२७ जुलै

व.ने फोनवर गांगुर्ड्यांना चौकशी म्हणून विचारले, सगळे ठीक ना? ते म्हणाले, ठीक हाय. मग बोलता बोलता निघाले : मागल्या आठवड्यात दोनतीन दरवाजे लागोपाठ वर-खाली करून पाहत होते, मध्येच यंत्र बसले. बटणे ऐकेना. बंद करून चालू केले.

"कळवलं का नाही, मामा?"

"पाणीच नव्हतं तर काय कळवायचं, ताई? आपलं माणूसबी कधी कधी बसून घेतंय की."

व.ने जसेच्या तसे सांगितले, आवाजासकट. कागदावर मांडलेला प्रसंग आता जगात एकदा घडून गेला आहे.

३० जुलै

गायधनी नरमला, अर्धा. नव्या प्रोग्रॅमच्या चिपा तयार करून दिल्या. बदलायच्या की नाही, ते कार्यकारी अभियंत्यांनी ठरवायचे. बदलल्याच्या कागदावर कारखान्यातर्फे सही एकट्या वसुधाची. "तुला खात्री आहे ना? मग कर."

मी विचारले, त्याची सही का नाही?

"ते म्हणाले, ज्याला दोष दिसला त्यानं दुरुस्ती धरावी."

मी संतापलो. कमल शांतपणे म्हणाली, "अहो, चिडून तुमची तिसरी बाजू मिटणार आहे का?"

४ ऑगस्ट

परवानगी नाही. पावसाळ्यात चालू यंत्र बंद करता येणार नाही, असे खात्याचे म्हणणे. तेही तर्कसंगत आहे. या प्रकरणात आतापर्यंत एकही माणूस मूर्खपणाचे बोललेला नाही. अनिष्ट गोष्टी अशाही घडतात, हे मी वर्गात कधी सांगितले नाही.

८ ऑगस्ट

त्र्यंबकच्या बाजूला कालपासून धो धो. तिसऱ्या बाजूचे दोन पोटप्रकार केले. एक मिटला. उरलेल्यात पलीकडचे कार्ड हुकूम बदलत राहिले तर… ते किती वेळ बदलत राहील यावर काहीच बंधन नाही. बंधन पाण्यावर आहे, प्रोग्रॅमवर नाही. आणि पाण्याबद्दल मी काही गृहीत धरू शकत नाही.

१० ऑगस्ट, सकाळ

परवानगी आली. पाणी झपाट्याने चढते आहे, तेव्हाच आली. कार्यकारी अभियंत्यांनी गांगुर्ड्यांचे बसलेले यंत्र आठवून स्वतः फोन केला म्हणे. व. चिपांचा डबा रुमालात बांधून खात्याच्या जीपमध्ये बसून गेली. कमलने दशमी बरोबर दिली. डबा छातीशी धरून बसली होती. मागे वळून पाहिले नाही.

१० ऑगस्ट, संध्याकाळ

दुपारी शेजारच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने हाक मारली : "सर, ताईंचा फोन, धरणावरून."

आवाज खरखरीत, मागे पाण्याचा घोष. दरवाजे अजून थोडेच उघडलेले, यंत्र अजून चालते आहे. घटकाभरात सगळे दरवाजे एकामागून एक उचलावे लागणार. चिपा बदलायच्या तर त्याआधी, आत्ताच. यंत्र बंद करून, पुन्हा उठेपर्यंत दरवाजे होते तसे धरून. एकदा सगळे हलायला लागले की बंद करता येणार नाही. कार्यकारी अभियंते तिच्याकडे बघत उभे आहेत.

"बाबा, तिसरी बाजू मिटली?"

"नाही."

"खोटी ठरली?"

"तेही नाही."

मागे गांगुर्ड्यांचा आवाज आला : "ताई, काय ते सांगा बिगीबिगी. पाणी इचारत बसत नाय."

"तुम्ही काय कराल?" व.ने विचारले.

मी म्हणालो, हातात आहे त्यावरून दोन्हींपैकी एकही निघत नाही. जुन्यात अडकण्याची वाट माहीत आहे, नव्यात ती नाही असे सिद्ध नाही. माहीत नसलेला धोका लहान समजणे हा हेत्वाभास…

"बाबा. युक्तिवादाला नाही विचारत. तुम्हाला विचारतेय."

दवाखान्यातले पेशंट माझ्याकडे पाहत होते. एका बाईच्या मांडीवर तापलेले मूल होते.

मी म्हणालो, "बदल."

ती "बरं" म्हणाली की "बघते" म्हणाली, ते कळले नाही. फोन ठेवला गेला. परत लावला, लागत नाही.

घरी येऊन कागद पुढे घेतले आहेत. 'बदल' हे मी कशावरून म्हणालो ते लिहिण्याचा प्रयत्न केला. लिहिता येत नाही. ज्या वाक्याला हेतू, म्हणजे आधार, नाही असे वाक्य मी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या हाती दिले, आणि तिने ते बहुधा मानले असेल. तिने कोणते यंत्र चालू ठेवले आहे, हे मला माहीत नाही.

आत्ता पोलिसांची जीप भोंगा लावून काठाने गेली. नदीकाठ ताबडतोब रिकामा करा, पत्र्यांच्या वस्तीतल्या लोकांनी शाळेत जावे, असे सांगत. कमल दारात जाऊन विचारते आहे, दरवाजे उघडले का हो, उघडले का? कोणी थांबत नाही.

दरवाजे उघडले असतील तर हीच सूचना दिली जाईल. उघडत नसतील तरीही हीच.